छावणीतल्या बाईला दुसरं दार हवंय

धर्मसंस्थांनी विस्थापित बायकांना धंद्यासाठी छोटी कर्जं द्यावीत का, हा विषय आपल्याकडे निघाला की त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. एक जण म्हणतो हे धर्मांतराचं दुकान आहे, आज शिलाई मशीन देतात, उद्या देव बदलायला लावतात. दुसरा म्हणतो तुम्ही सोफ्यावर बसून बोलताय, ते निदान काहीतरी करतायत, तुम्ही काय केलंत? मग पहिला दुसऱ्या धर्माचं उदाहरण काढतो, दुसरा तिसऱ्या धर्माचं, आणि तासाभरात गाडी औरंगजेबावर येऊन थांबते. आणि जिच्यावरून हे सगळं चाललंय ती बाई यात कुठेच नसते. तिला किती पैसे मिळाले, व्याज किती, पहिला हप्ता कधी सुरू होतो, हप्ता चुकला तर तिच्या दारात कोण येतं, हे कोणी विचारतच नाही. कर्जावरच्या वादात कर्जाबद्दलच बोलायचं नाही असं जणू ठरलंय.

माझं मत आधीच सांगते. देऊ द्यावीत कर्जं. चर्चला, मशिदीभोवतीच्या मुसलमान मंडळींच्या जमातला, देवस्थानाला, ज्याला कोणाला द्यायचीत त्याला. पण त्या संस्थेला जोखायचं ते तिच्या देवावरून नाही, तिच्या कर्जाच्या अटींवरून, आणि त्यातही मुख्य म्हणजे तोटा कोण सोसतो यावरून. आणि संस्था वाईट निघेल अशी भीती असेल तर तिचं दार बंद करायच्या मागे न लागता त्या बाईसाठी शेजारी दुसरं दार उघडायचं. जिला दुसरीकडे जाता येतं तिच्यावर अरेरावी करणं अवघड असतं, मग करणारा पाद्री असो, मौलवी असो नाहीतर प्रायव्हेट फायनान्स कंपनीचा रिकव्हरीवाला.

आता विस्थापन म्हणजे नेमकं काय जातं ते बघू. घर जातं, सामान जातं, ते दिसतं. न दिसणारं जातं ती पत. भाजी विकणाऱ्या बाईचं बघा, सकाळी ती व्यापाऱ्याकडून माल उचलते आणि संध्याकाळी हिशोब करते, कागद नाही, सही नाही, फक्त तो तिला दहा वर्षं ओळखतो म्हणून. किराणावाला उधारी देतो. भिशीतल्या बायका तिचा नंबर अडीअडचणीला पुढे घेतात. मणिपूरमधे याच भिशीला मरूप म्हणतात आणि तिथे ती घरोघरी चालते, इंफाळचा ईमा कैथेल हा बायकांचा अख्खा बाजार अशाच ओळखीपाळखीच्या पैशावर उभा असतो. मे २०२३ मधे त्या राज्यात मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसाचार पेटला, त्यानंतर साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर फेकली गेली, दोन्ही बाजूंची. गाव फुटलं की भिशी फुटते. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून जी मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली त्यांचंही तेच, जीव वाचला पण घरी पीसवर काम करणाऱ्या बाईला काम देणारा माणूस जुन्या मोहल्ल्यातच राहिला. अशी बाई बँकेत गेली तर काय होणार? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न मागता कर्ज देता येतं, कागदावर छान आहे. पण फील्ड ऑफिसरला हवा असतो पत्ता, हवा असतो एकमेकींना ओळखणाऱ्या बायकांचा गट, आणि त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, ही पुढच्या महिन्यात इथे असेल का? तो प्रश्न चुकीचाही नाही. तिला स्वतःलाच ते माहीत नसतं.

नेमक्या याच ठिकाणी धर्मसंस्थेकडे असं काहीतरी असतं जे बँकेकडे नाही. तिचं ओळखीचं जाळं बाईच्या मागोमाग येतं. गाव जळलं तरी चर्चची मंडळी छावणीत पुन्हा एकत्र येतात, जमातीतल्या कोणाला तरी माहीत असतं ही कोणाची कोण, हिने आधी काय धंदा केला, हिच्या शब्दाला किंमत आहे का. थोडक्यात संस्था तिला आपली पत उसनी देते. ही काही आजची गोष्ट नाही. इसवी सन ६२२ मधे मक्केतून हाकलले गेलेले लोक मदिनेत आले तेव्हा प्रेषित मुहंमदांनी एकेका विस्थापिताची एकेका स्थानिकाशी भाऊ म्हणून जोडी लावून दिली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. अब्दुर्रहमान बिन औफ यांना त्यांच्या मदिनेतल्या भावाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, तर ते म्हणाले तुझं तुला लखलाभ, मला फक्त बाजार कुठेय ते दाखव. आणि तूप आणि सुकं दही विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. (गोष्ट पुरुषाची आहे हे लक्षात आहे माझ्या. बाईला बाजार दाखवणारा भाऊ मिळणं तेव्हाही सोपं नसणार.) लाहोरच्या डॉ. अमजद साकिब यांनी २००१ मधे अखुवत ही बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली ती याच मदिनेच्या कल्पनेवर, पहिलं कर्ज एका विधवा बाईला दहा हजार रुपयांचं, आणि २०२१ मधे त्यांना मॅगसेसे मिळालं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १८९२ मधे, झारच्या रशियातून मारहाणीला भिऊन पळून आलेल्या ज्यू लोकांसाठी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला हिब्रू फ्री लोन सोसायटी सुरू झाली. भांडवल किती, तर ९५ डॉलर. कर्ज पाच डॉलरपासून पंचवीसपर्यंत, व्याज शून्य. शिलाई मशीन घ्या, हातगाडीवर माल भरा. ही सोसायटी अजून चालू आहे आणि तिच्याकडे कर्ज मागायला ज्यू असावं लागत नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो धर्मांतराचा नाहीये. आक्षेप असा की ओळखीचं जाळं बनवायला धर्म कशाला हवा? मुंबईतच बघा. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ मधे महिला मिलन उभं केलं. फुटपाथवरच्या झोपड्या पालिकेने पाडाव्यात का, यावरच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल नुकताच, १९८५ मधे, लागला होता, झोपड्या कधीही तुटतील अशी अवस्था, पत्ता म्हणाल तर फुटपाथ, आणि तरी रोजची रुपया-दोन रुपये बचत आणि त्यातून अडीनडीला कर्ज हे त्यांनी चालवून दाखवलं. त्याच्या आधी १९७५ मधे प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून सरकारी बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. त्यांना कुठला देव मधे घालावा लागला नाही. बरोबर आहे, आणि मला विचाराल तर शक्य तिथे हेच मॉडेल चांगलं. पण एक फरक बघा ना. भायखळ्याच्या बायका वर्षानुवर्षं त्याच फुटपाथवर शेजारी शेजारी राहत होत्या, खानावळवाल्या त्याच चाळींमधे. त्यांच्याकडे पत्ता नव्हता किंवा पैसा नव्हता, पण शेजार होता. कालपरवा उभ्या राहिलेल्या छावणीत शेजारच्या ताडपत्रीखाली कोण आहे हेच माहीत नसतं, आणि असा शेजार तयार व्हायला वेळ लागतो. तो वेळ ती बाई कशावर काढणार? खासगी सावकारावर?

आता धर्मांतराकडे येते, कारण ते टाळून चालणार नाही. छावणीत पोट हातावर असताना दिलेली संमती ही पूर्ण मोकळी संमती नसते. हे मला शंभर टक्के मान्य आहे. कर्जाच्या मीटिंगची सुरुवात प्रार्थनेने होत असेल तर त्या बाईला उठून जायची हिंमत होईल का? नाही होणार. हा वाद महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी अगदी हिरीरीने घालून झालाय, आणि गंमत म्हणजे त्यातून निघालेलं उत्तर आपण विसरलोय. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मधे मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठी शाळा आणि राहायची जागा, काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा अमेरिकन ख्रिश्चनांचा, पण अट अशी की संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, प्रार्थना आपल्या खोलीत करायच्या पण दार उघडं ठेवून, आणि मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ मधे भडका उडाला, केसरीने झोडपलं, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टिळकांची शंका निराधार होती का? नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण दुसरा प्रश्न विचारा, त्या विधवा मुलींना त्या वेळी पुण्यात दुसरं कोण घेत होतं? त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर आलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधे त्या बायका विणकाम शिकल्या, शेती केली, छापखाना चालवला, अख्खी वसाहत बायकांनी चालवलेली. टीका करणाऱ्यांपैकी किती जण त्या दुष्काळात बैलगाडी घेऊन बायका आणायला गेले होते?

खरं उत्तर दिलं ते अण्णासाहेब कर्व्यांनी. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी १८९३ मधे लग्न केलं होतं, म्हणजे ती संस्था त्यांनी जवळून पाहिलेली होती, तिचं चांगलंही आणि खटकणारंही. ते सदन बंद करा म्हणत मोर्चा घेऊन गेले नाहीत. १८९६ मधे त्यांनी स्वतः अनाथ बालिकाश्रम सुरू केला, १९०० मधे तो हिंगण्याला नेला, आणि पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. ज्या घरच्यांना मुलगी ख्रिस्ती होईल अशी भीती वाटत होती त्यांना जायला जागा झाली. मी वर दुसरं दार म्हणाले ते हेच. आज जे लोक धर्मांतराच्या नावाने चर्चची मदत बंद करायची मागणी करतात त्यांना साधा प्रश्न आहे, तुमचं हिंगणं कुठेय? असेल तर बोला, तुमचं ऐकायला मी पहिली येईन.

दुसरा आरोप, आपल्याच लोकांना देतात. हा जास्त जुना आणि जास्त काळा आहे. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी स्वस्त कर्जाच्या पेढ्या काढल्या, पेरुजात १४६२ मधे, त्यांना मोंते दी पिएता म्हणत. वस्तू गहाण ठेवा, कमी व्याजात पैसे घ्या. गरिबाचा फायदा झाला यात वाद नाही. पण या पेढ्यांच्या प्रचारासाठी गावोगाव जी प्रवचनं झाली ती ज्यूंविरुद्ध विष ओकणारी होती, बेर्नार्दिनो दा फेल्त्रे हा त्यातला सगळ्यात मोठा प्रवचनकार, आणि हेतू उघड होता, ज्यू सावकारांना गावातून घालवणं. म्हणजे एकाची सोय करताना दुसऱ्याला विस्थापित करायचं. तेव्हा नुसतं व्याज कमी आहे म्हणून संस्था चांगली, असं मीही म्हणणार नाही. दार कोणासाठी उघडं आहे ते बघायलाच हवं. अखुवतचं कर्जवाटप मशिदीत होतं तसं चर्चमधेही होतं, तिथल्या अल्पसंख्य बायकांना कर्ज मिळतं. धर्मस्थळाचं उदाहरण तर आपल्या शेजारचंच, देऊळ मंजुनाथाचं, पुजारी माध्व वैष्णव, कारभार जैन हेगडे घराण्याचा, आणि १९८२ पासून चाललेला त्यांचा ग्रामविकास प्रकल्प लाखो बायकांच्या बचत गटांना बँकेचं कर्ज मिळवून देतो. त्यांच्यावरही जादा व्याजाची, वसुलीच्या जोराची टीका होते, होऊ द्या, व्हायलाच हवी. पण ती टीका व्याजावर आणि वसुलीवर आहे. मला हवीये ती हीच.

कारण माझी स्वतःची खरी भीती वेगळीच आहे आणि धर्मांतरवाल्यांना ती दिसत नाही. धर्मसंस्थेला रिकव्हरी एजंट लागतच नाही. कर्ज देवासमोर घेतलं, मंडळीसमोर घेतलं, हप्ता चुकला तर रविवारी किंवा शुक्रवारी त्याच चेहऱ्यांसमोर जायचंय. हप्ता चुकवणं म्हणजे पाप, असं एकदा मनात बसलं की बाई काय वाट्टेल ते करून भरते. रेशनचा तांदूळ विकून भरते, उरलंसुरलं मंगळसूत्र गहाण टाकून भरते, दुसऱ्या कंपनीचं लोन काढून भरते. आणि वार्षिक अहवालात छापलं जातं, वसुली ९९ टक्के. टाळ्या. मला सांगा, ज्या बाईचं घर गेलं, गाव गेलं, नवरा कदाचित गेला, आजूबाजूला तिच्यासारख्याच हजारो जणी त्याच चौकात तीच भजी तळायला बसल्यात, त्यांच्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणींचा धंदा चालला हे तुम्हाला पटतं? धंदे तर शहाण्यासुरत्या माणसांचे, भांडवल असलेल्यांचे बुडतात. मग तो बुडालेल्या धंद्यांचा तोटा गेला कुठे? तिच्या ताटात गेला.

आणि हे बिगर-धार्मिक कर्जात होत नाही असं समजू नका, तिथे तर उघडच होतं. श्रीलंकेत २००९ मधे युद्ध संपलं, उत्तरेकडच्या तमिळ बायका विस्थापनातून परत आल्या, कितीतरी जणी विधवा, आणि त्यांच्या मागोमाग मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. दहा वर्षांत अशी अवस्था झाली की २०१८ मधे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ तिथे गेले तेव्हा त्यांच्यासमोर वसुलीवाले शरीरसुख मागतात इथपर्यंतच्या तक्रारी आल्या, आणि त्याच वर्षी सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख रुपयांपर्यंतची कर्जं माफ करावी लागली. जॉर्डनमधे कर्ज थकलेल्या बायका तुरुंगात जायच्या, २०१९ मधे तिथल्या राजाला त्यांच्यासाठी देणग्यांची मोहीम काढावी लागली. आंध्रात २०१० ला मायक्रोफायनान्सच्या वसुलीवरून आत्महत्यांपर्यंत काय काय झालं ते आपण पाहिलंय, कर्नाटकात २०२५ मधे जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढायची वेळ आली. तेव्हा सेक्युलर कंपनी म्हणजे सुरक्षित, हा भ्रम कोणी बाळगू नये.

मग फरक कुठे पडू शकतो? माझ्या मते इथे. कंपनीला शेअरहोल्डर असतो, त्याला परतावा हवा. धर्मसंस्थेचा पैसा येतो मुसलमानांच्या जकातीतून, म्हणजे धर्माने सांगितलेल्या दानातून, ख्रिश्चनांच्या दशांशातून, देवळाच्या दानपेटीतून. देणाऱ्याला परतावा इथे नकोच असतो, त्याचा हिशोब वरती आहे. म्हणजे तोटा सोसायची ताकद जगात कोणाकडे असेल तर यांच्याकडे आहे! आणि त्यांची शास्त्रंही तेच सांगतात. कुराणात दुसऱ्या सूरेत स्पष्ट आहे की ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. बायबलच्या जुन्या करारात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचा नियम आहे. आपल्याकडे तर तुकोबाच आहेत. घरात महाजनकी, सावकारी, दुष्काळात बायको आणि मुलगा गेला, स्वतःचं दिवाळं निघालेलं, आणि अशा वेळी लोकांकडून येणं असलेली खतं बाहेर काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. भावाचा वाटा बुडवला नाही हे लक्षात घ्या, दुसऱ्याच्या पैशावर उदार झाले नाहीत. तर देवाच्या नावाने कर्ज देणाऱ्या संस्थेला मी वसुलीचा आकडा विचारणारच नाही. मी विचारीन गेल्या वर्षी किती जणींचं कर्ज सोडलंत? आणि उत्तर शून्य आलं तर ती फायनान्स कंपनीच आहे, फक्त भिंतीवर फोटो वेगळा.

यावर अर्थशास्त्रवाले लगेच म्हणणार, माफी दिली की शिस्त बिघडते, उद्या कोणी फेडणार नाही. मुद्दा खरा आहे आणि तोही जुना आहे. ज्यू लोकांमधेच ते घडलं, सातवं वर्ष जवळ आलं की श्रीमंत लोक गरिबाला कर्ज द्यायचेच बंद व्हायचे, शेवटी हिलेल नावाच्या धर्मगुरूने प्रोझबुल म्हणून एक कायदेशीर पळवाट काढली, कर्ज कोर्टाच्या नावावर करायचं म्हणजे ते माफीत जात नाही. गरिबाला कर्ज मिळत राहावं म्हणून माफीच गुंडाळून ठेवावी लागली. तेव्हा सरसकट माफी हे उत्तर नाही. पण माफी आणि फास यांच्या मधे बरीच जागा आहे. कोलकात्यात एक प्रयोग झाला, २०१३ मधे छापून आला, काही बायकांना नेहमीसारखा दोन आठवड्यांत हप्ता सुरू, काहींना दोन महिने सवड. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा जास्त होता. मात्र कर्ज थकायचं प्रमाणही त्यांच्यात वाढलं. म्हणजे दोन्ही खरं. सवड दिली तर बाई मोठी उडी मारते, काहींची चुकते. कंपनीला ती चुकलेली उडी परवडत नाही म्हणून ती कोणालाच सवड देत नाही आणि मग सगळ्या जणी रोज विकून रोज पैसा येईल असलेच बारके धंदे करत बसतात. दानाच्या पैशाने नेमका हाच फरक भरून काढता येतो. तो भरून काढायचा नसेल तर धर्माने या धंद्यात पडायचंच कशाला?

आता हेही सांगायला हवं की कर्ज हे औषध सगळ्या आजारांवर चालत नाही. सहा देशांतल्या मायक्रोक्रेडिटच्या, म्हणजे अशाच छोट्या कर्जांच्या, अभ्यासांचे निकाल २०१५ मधे एकत्र आले, हैदराबादचाही त्यात होता, आणि सार असं की थोडाफार उपयोग होतो, गरिबी हटत बिटत नाही. विस्थापित बाईचं तर अजूनच अवघड. उत्तर युगांडातलं बिडीबिडी घ्या. दक्षिण सुदानमधून पळालेल्या लोकांची वसाहत, ऑगस्ट २०१६ मधे उघडली आणि वर्ष संपायच्या आत अडीच लाखांवर माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. (ज्या देशातून १९७२ मधे ईदी अमीनने गुजराती आणि गोंयकार कुटुंबांना हाकलून दिलं तोच हा देश, आणि आज निर्वासितांना काम करायची आणि फिरायची मोकळीक देणारा त्याचा २००६ चा कायदा जगात चांगला मानतात. इतिहास असाही वागतो.) त्या भागात चर्चशी जोडलेल्या संस्था बचत गट चालवतात. लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, व्याज गटातच राहतं आणि वर्षअखेर वाटून घ्यायचं. आपल्या बचत गटवाल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. सुरुवात स्वतःच्या बचतीतून, बाहेरचं कर्ज नंतर, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. पण २०२३ मधे पैसे कमी पडले म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथलं रेशन कापलं. आता ज्या बाईने चहाच्या टपरीसाठी दोन पैसे लावलेत ती काय करणार? भांडवल खाणार. पोरं उपाशी ठेवून कोणी स्टॉकमधली साखर जपत नाही. आणि जिथे पेटीबरोबर बाहेरचं कर्जही आलेलं असतं तिथे भांडवल संपलं तरी हप्ता उरतोच.

म्हणून पोट भरायची सोय आधी आणि कर्ज नंतर, हा क्रम उलटा झाला की कितीही चांगली संस्था असो, ती बाईला खड्ड्यात घालते. बांगलादेशच्या ब्रॅक या संस्थेने २००२ पासून एक पद्धत बसवली, आधी शेळी किंवा गाय फुकट द्यायची, काही महिने खाण्यापुरते पैसे, आठवड्याला कोणीतरी येऊन बघणार, बचतीची सवय, आणि मग पुढचं. सहा देशांत तपासली, भारत-पाकिस्तान दोन्ही त्यात होते, आणि सगळी मदत थांबून वर्ष झालं तरी फायदा टिकलेला दिसला. हियास ही ज्यू संस्था इक्वेडोरमधे कोलंबियातून आलेल्या निर्वासितांबरोबर हीच पद्धत वापरली, घेणारे जवळपास सगळे ख्रिस्ती. खर्च जास्त येतो, हो. पण खर्च कमी दिसावा म्हणून मदतीला कर्जाचं नाव द्यायचं आणि मग ते त्याच बाईकडून वसूल करायचं, ही चलाखी आहे.

राहता राहिलं सरकार. पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी, धर्मसंस्था मधे आल्या की सरकार अंग काढून घेतं, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या किती पिढ्या अजून हक्काच्या जमिनीसाठी उपोषणाला बसतायत ते बघितलं की कुठल्याही कर्जाची लाजच वाटते. पण म्हणून आज छावणीत असलेल्या बाईला सांगायचं का, की थांब, आधी सरकारला जाब विचारू? सरकारकडे दुसरं दार उघडायची साधनं पडून आहेत. स्वनिधी योजना घ्या, २०२० मधे आली, फेरीवाल्याला तारणाशिवाय सुरुवातीला दहा हजार, फेडले की वीस, मग पन्नास (२०२५ मधे ते पंधरा, पंचवीस आणि पन्नास झाले), व्याजात सात टक्के सवलत. छावणीबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईसाठी याच्याहून बरी योजना शोधूनही सापडणार नाही. पण ती आली तेव्हा अट होती की तुम्ही २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी फेरीवाले असायला हवं, नगरपालिकेच्या सर्व्हेत नाव हवं, नाहीतर पालिकेचं शिफारसपत्र हवं. ज्या पालिकेच्या हद्दीत ती परवा येऊन पडली ती तिला शिफारसपत्र कशाच्या जोरावर देणार? तर निदान एवढं करा, मदत छावणीच्या नोंदवहीतला उतारा हाच तिचा पुरावा धरा, तारखेची अट अजून कुठे लावत असाल तर तिच्यापुरती सोडा, आणि पहिला हप्ता तीन महिन्यांनी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं खातं लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. ते निघालं की मग चर्चच्या आणि जमातीच्या कर्जाचे दर काय आहेत, मीटिंगमधे प्रार्थना होते का, किती जणींचं सोडलं, हे ती बाई स्वतःच विचारेल, आणि नाही पटलं तर उठून पालिकेच्या ऑफिसात जाईल.